हे फूल कोणते?

वनस्पतिशास्त्र हा विषय बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात नाही. तरीही वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका रानफुलावर लेख लिहावा, यात मला काही वावगे दिसत नाही. किराणा दुकानात जे जे विकले जाते, मग ती मोहरी असो, खसखस असो, करडईचे तेल असो वा निपाणीचा तंबाखू असो, त्या सगळ्याची सुरुवात कोणत्या ना कोणत्या झाडाच्या फुलापासून होते. आणि एक झाड दुसरे समजले गेले तर होणारे नुकसान नेहमी रुपया-पैशांत मोजता येतेच असे नाही. ते कसे, हे लेखाच्या उत्तरार्धात येईलच.

प्रश्न साधा आहे. रस्त्याच्या कडेला एक अनोळखी रानफूल दिसले, तर ते कोणते हे कसे शोधून काढायचे? पूर्वी याचे उत्तर ‘कुणा जाणत्याला विचारावे’ असे होते. आता ‘मोबाईलला विचारावे’ असे झाले आहे. दोन्ही उत्तरे उपयोगाची आहेत, पण दोन्हींतून मिळते ते फक्त नाव. ते नाव याच झाडाचे आहे कशावरून, हा प्रश्न उरतोच. नाव दुसऱ्याकडून मिळू शकते, ओळख मात्र ज्याची त्याने पटवून घ्यावी लागते. ती कशी पटवावी, हे नुसत्या नियमांनी सांगण्यापेक्षा आपल्याच भागातल्या एका झाडावरून सांगितलेले बरे.

जागा आणि ऋतू

बेळगावहून सांबऱ्यावरून बागलकोटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला माघ-फाल्गुनात हे झाड दिसते. रस्त्यासाठी उकरलेली माती, खडीचे ढीग, शेताचा बांध, पडीक जागा, म्हणजे जिथली जमीन एकदा हलवली गेली आणि मग तिच्याकडे कुणी पाहिले नाही, अशा ठिकाणी ते उगवते. उंची गुडघ्यापासून कमरेपर्यंत. भोवतालचे गवत वाळून गेलेले असते, आणि त्यात ही पिवळीधमक फुले उठून दिसतात.

‘कुठे’ आणि ‘केव्हा’ हे ओळखीचे पहिले दोन पुरावे होत. एवढ्यानेही बरीच नावे बाद होतात. पिवळे रानफूल म्हटले की अनेकांना सोनकी आठवते. पण सोनकी ही सह्याद्रीच्या माथ्यावरची, श्रावण-भाद्रपदात पठारे पिवळी करणारी वनस्पती. फाल्गुनातल्या रखरखीत रस्त्याकडेला तिचे काय काम? तेव्हा सोनकीचा विचार इथेच सोडून द्यावा.

आमच्या हिशेबलेखनाच्या भाषेत सांगायचे तर आधी कीर्द आणि मग खतावणी. व्यवहार घडला त्या दिवशी त्याची नोंद कीर्दीत झाली पाहिजे, कोणत्या खात्याला घालायचा ते नंतर ठरते. फुलाचेही तसेच आहे. तारीख, ठिकाण, जमीन कशी, झाड केवढे, एकटेदुकटे की पुष्कळ, हे वहीत आधी उतरवून घ्यावे. नाव सुचले तरी ते समासात लिहून ठेवावे. कारण नाव एकदा मनात बसले की डोळे त्या नावाला सोयीच्या खुणाच शोधू लागतात.

पान, काटा आणि चीक

फूल दिसले की हात आधी फुलाकडे जातो. तो आवरून प्रथम सगळे झाड पाहावे. या झाडाची पाने हिरवी, पण त्यांवर निळसर राखी झाक असते. कडा खोलवर कातरलेल्या, प्रत्येक टोकाला तीक्ष्ण काटा. पानाच्या शिरांवरून पांढरट पट्टे गेलेले, जणू कुणी खडूने रेघा ओढाव्यात. पानाला देठ नाही. ते बुडाशी खोडाला बिलगलेले असते. खोडावरही विरळ काटे असतात.

काटेरी पान आणि पिवळे फूल म्हटल्यावर आपल्या भागातल्या माणसाला करडई आठवणे साहजिक आहे. जिल्ह्याच्या पूर्वेकडील काळ्या रानात रब्बीला करडई होते. कन्नडमध्ये तिला कुसुबि म्हणतात. शेतातले बी वाऱ्याने वा गाडीतून सांडून रस्त्याकडेला उगवले असेल, असा तर्क कुणीही करील. तर्क वाईट नाही, फक्त तो तपासून पाहायला हवा.

तपासायला सोपा उपाय म्हणजे एक पान खुडणे. पान खुडताच देठाशी हळदीसारखा पिवळा चीक येतो. करडईला असा चीक नाही. चीक असलेल्या झाडांत आपल्या ओळखीची म्हणजे रुई, वड, शेर. पण त्यांचा चीक दुधासारखा पांढरा. पिवळा चीक ही फार थोड्या झाडांची खूण आहे, म्हणून ती वहीत ठळक लिहून ठेवावी. मात्र अनोळखी झाडाचा चीक बोटाला लागला तर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नये, आणि कोणताही भाग जिभेवर ठेवू नये. वास घ्यावा, चव घेऊ नये, हा नियम ज्याने त्याने स्वतःला घालून घ्यावा.

फुलाची मोजदाद

आता फूल हातात घ्यावे. येथे भिंग असले तर उत्तम, नसले तरी अडत नाही. चार गोष्टी बाहेरून आत या क्रमाने मोजायच्या.

पहिली, कळीवरची हिरवी आवरणे, ज्यांना आपण शाळेत निदले म्हणून शिकलो. उमललेल्या फुलावर ती सापडत नाहीत, म्हणून शेजारची न उमललेली कळी पाहावी. तिच्यावर ३ निदले आहेत आणि प्रत्येकाच्या टोकाशी लहानसे शिंग आहे. फूल उमलताना ती गळून पडतात. ज्याने केवळ उमललेले फूल पाहिले त्याला हा पुरावा मिळणारच नाही.

दुसरी, पाकळ्या. बहुधा ६, पातळ, किंचित चुरगळलेल्या कागदासारख्या, आणि एकमेकींपासून सुट्या. त्या तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत असतात. निदले ३ आणि पाकळ्या ६, म्हणजे तीनच्या पटीतला हिशेब झाला.

तिसरी, पुंकेसर. मोजता मोजता पुरेवाट होते, इतके. अशा वेळी ‘पुष्कळ’ एवढे लिहिले तरी चालते. शास्त्रीय पुस्तकांतही तसेच लिहितात.

चौथी, मधोमध असलेला स्त्रीकेसर. त्याच्या टोकाला गडद तांबड्या रंगाची, चार ते सहा भागांत विभागलेली कुक्षी असते. पिवळ्या फुलातला हा तांबडा ठिपका एकदा पाहिला की विसरत नाही.

आता आपल्या संशयितांची यादी पुढे घेऊ. करडईचे जे फूल आपण म्हणतो ते प्रत्यक्षात एक फूल नसते. पुष्कळ बारीक फुलांचा तो गुच्छ असतो. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांचे तेच. आपल्या हातात आहे ते सुट्या पाकळ्यांचे एकच फूल. म्हणजे करडई गेली. तरवड पिवळा, रस्त्याकडेचा, पण त्याच्या पाकळ्या पाच, केसर मोजके, पान चिंचेच्या पानासारखे संयुक्त, आणि शेंगा चपट्या. तोही गेला. पिवळी तिळवण हिला कन्नडमध्ये नायिसासिवे, म्हणजे कुत्र्याची मोहरी म्हणतात. तिच्या पाकळ्या चार, पाने हाताला चिकटणारी, शेंग लांब आणि बारीक, आणि मुख्य बहर पावसाळ्यातला. तीही गेली.

या पद्धतीत एक समाधान आहे. झाडाचे नाव अजून कळलेले नाही, पण ते काय नाही हे निश्चित कळले आहे. हिशेब तपासनीसाचे कामही पुष्कळसे असेच चालते.

बोंड आणि बी

फाल्गुनात एकाच झाडावर कळी, फूल आणि फळ तिन्ही सापडतात. फळ म्हणजे लांबट, काटेरी बोंड. पिकले की ते वरच्या टोकाशी चार ते सहा फटींनी उघडते आणि झाड वाऱ्याने हलले की मिठाच्या डबीतून मीठ पडावे तसे बी बाहेर सांडते. बी काळे, गोल आणि बारीक, थेट मोहरीएवढे. ही खूण आत्ता लक्षात ठेवावी.

वरच्या बाजूने उघडणारे आणि बारीक बियांनी भरलेले बोंड, तोडल्यावर येणारा चीक, उमलताच गळणारी निदले, चुरगळलेल्या पाकळ्या आणि असंख्य केसर, या खुणा एकत्र जुळतात त्या अफूच्या कुलात. आपल्या घरातली खसखस ही त्याच कुलातल्या अफूच्या बोंडातली. तेव्हा आपले झाड खसखशीचे दूरचे भावंड आहे, इथवर आपण कुणालाही न विचारता येऊन पोहोचलो.

दोन भाषा आणि एकच चूक

आता विचारायला हरकत नाही. शेतात राबलेल्या माणसाला ही झाडे तोंडपाठ असतात. अशा एका आजोबांनी झाडाकडे नीट न बघताच सांगितले, “पिवळा धोतरा त्यो. जनावर तोंड लावत न्हाई त्येला.” त्याच रस्त्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या कन्नड बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “अदु अरिशिण उम्मत्ति.” अरिशिण म्हणजे हळद आणि उम्मत्ति म्हणजे धोतरा. म्हणजे मराठीत पिवळा धोतरा, तर कन्नडमध्ये हळदी धोतरा. दोन भाषांनी या झाडाला स्वतंत्रपणे नाव दिले असो वा एकीने दुसरीकडून घेतले असो, दोघींची साक्ष एकच आहे.

आणि दोघींची साक्ष असूनही हा धोतरा नव्हे. महाशिवरात्रीला शंकराला वाहतो त्या धोतऱ्याचे फूल कर्ण्यासारखे लांब असते, त्याच्या पाकळ्या एकमेकींना जुळून गेलेल्या असतात, केसर पाच असतात आणि चीक पिवळा नसतो. तो वांगे, मिरची, टोमॅटो आणि तंबाखू यांच्या कुलातला. आपल्या झाडाच्या पाकळ्या सुट्या, केसर असंख्य, आणि कुल खसखशीचे. दोघांत साम्य एवढेच की बोंड काटेरी आणि झाड विषारी. लोकांनी बोंड पाहिले, विषाचा अनुभव घेतला आणि नाव दिले. नाव देणाऱ्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. ‘याच्यापासून धोतऱ्याइतकेच सावध राहा’ असा इशारा त्यात आहे. पण इशारा आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लोकनावांची ही गंमत आपल्या सीमाभागात पदोपदी येते. कधी नाव दोन्ही भाषांत जवळजवळ तेच असते. शंकराला वाहायचे बारीक पांढरे फूल मराठीत तुंबा आणि कन्नडमध्ये तुंबे. कधी एकाच नावाची दोन झाडे निघतात. आपल्याकडे गौरीसाठी तेरडा आणतात, आणि कन्नडमध्येही तेरड्याला गौरी हूवु म्हणतात. पण कन्नडमध्ये कळलावीलाही गौरी हूवु हे नाव आहे. तेरडा निरुपद्रवी, तर कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन हे जहाल विष. ‘गौरीचे फूल’ एवढ्या नावावर भरवसा ठेवून कुणी औषधाला मुळी उकरली, तर काय होईल ते सांगायला नको.

पिवळ्या धोतऱ्याला आणखीही नावे आहेत. हिंदीत त्याला सत्यानाशी म्हणतात, कारण ते शेतात शिरले की सहजी जात नाही. तमिळमध्ये ब्रह्मदंडु. आणि संस्कृतात स्वर्णक्षीरी, म्हणजे सोन्याच्या रंगाच्या दुधाची. हे नाव सर्वांत सुंदर आणि सर्वांत फसवे. स्वर्णक्षीरी हे नाव आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत येते. पण आपले झाड मूळचे मेक्सिको आणि त्या परिसरातले, म्हणजे अमेरिका खंडातले. १४९२ नंतर युरोपियांची जहाजे तिकडे जाऊ-येऊ लागली, त्यानंतरच ते आपल्याकडे आले. तेव्हा प्राचीन ग्रंथकारांची स्वर्णक्षीरी ही दुसरीच कोणती तरी वनस्पती असली पाहिजे. जुने नाव नव्या झाडाला चिकटले, आणि त्याबरोबर जुन्या वनस्पतीचे गुणही या झाडाच्या खात्यावर जमा होण्याची सोय झाली. एकाच्या नावची जमा दुसऱ्याच्या खात्यावर गेली तर बँकेत केवढा गोंधळ उडतो! औषधाच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो.

खाते आणि उपखाते

असा गोंधळ टाळण्यासाठीच शास्त्रीय नावाची पद्धत आहे. स्वीडनचा कार्ल लिनीयस याने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे लगेच समजावे, कारण खतावणीत मुख्य खाते आणि त्याखाली उपखाते असतेच. आपल्या झाडाचे नाव त्याच ग्रंथात आहे: आर्जेमोनी मेक्सिकाना. आर्जेमोनी हा शब्द ग्रीक भाषेतल्या डोळ्यात पडणाऱ्या फुलाच्या नावावरून आला. तो विकार बरा करण्यासाठी ग्रीक लोक अशाच एका वनस्पतीचा रस वापरीत. मेक्सिकाना म्हणजे मेक्सिकोची. बेळगाव, पुणे, मद्रास वा माद्रिद, कुठेही हे नाव उच्चारले तरी हेच झाड डोळ्यांपुढे येते.

शास्त्रीय नाव म्हटले की आपल्याला ते रुक्ष वाटते. पण त्याच्या मागे एक व्यवस्था आहे. कोणत्याही नावाला आधार म्हणून वाळवलेल्या झाडाचा नमुना, ठिकाण व तारीख लिहून, संग्रहालयात जपून ठेवतात. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला व्हाउचर स्पेसिमेन म्हणतात. व्हाउचर हा शब्द तिथेही भेटला तेव्हा मला फार आनंद झाला! व्हाउचरशिवाय खर्च मान्य नाही, हा नियम दोन्ही शास्त्रांत एकच आहे.

पुस्तक आणि मोबाईल

आपल्या भागातल्या वनस्पतींसाठी जुना आधारग्रंथ म्हणजे थिओडोर कुक यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’. तो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून आपल्या जिल्ह्याची झाडेही त्यात आली आहेत. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, पण झाडांनी आपापल्या जागा सोडल्या नाहीत. तेव्हा ग्रंथ आजही उपयोगी आहे. मराठी विश्वकोशात वनस्पतींच्या नोंदी मराठी नावाखाली असून सोबत शास्त्रीय नाव दिलेले असते. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे, आणि तिथे वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे.

आता मोबाईलविषयी. गुगल लेन्स, प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट यांसारखी साधने छायाचित्रावरून नाव सुचवतात आणि सामान्य झाडांच्या बाबतीत ते पुष्कळदा बरोबरही निघते. पण यंत्राला आपण जे दाखवू तेवढेच दिसते. केवळ पिवळ्या पाकळ्यांचे छायाचित्र दिले तर चीक कुठला आणि निदले कुठली? म्हणून छायाचित्रे निदान चार काढावीत: संपूर्ण झाड, पानाची दोन्ही अंगे, फूल समोरून आणि बाजूने, कळी व फळ. यंत्राने नाव सुचवले की वहीतल्या नोंदी त्या नावाच्या वर्णनाशी एकेक करून ताडून पाहाव्यात. एखादी जरी खूण जुळत नसेल तरी तिथे थांबावे. तेरीज जुळली नाही तर फरकाची रक्कम ‘किरकोळ’ म्हणून सोडून देत नाहीत, ती चूक शोधतात.

मोहरीतला काळा दाणा

आता लेखाच्या सुरुवातीला म्हटलेल्या नुकसानीकडे येऊ. पिवळ्या धोतऱ्याचे बी मोहरीएवढे आणि मोहरीसारखेच काळे असते, हे वर आलेच आहे. रब्बीत मोहरीच्या शेतातही हे तण माजते. त्याचे बी मोहरीत कधी नकळत मिसळते, तर कधी नफ्यासाठी जाणूनबुजून मिसळले जाते. अशा बियांचे तेल खाण्यात आले की पायांवर सूज येते, जुलाब होतात, धाप लागते. रोग वाढला तर हृदय निकामी होते, डोळ्यांत काचबिंदू होऊ शकतो. वैद्यकशास्त्रात याला एपिडेमिक ड्रॉप्सी, म्हणजे सुजेची साथ म्हणतात. बियांच्या तेलातले सँग्विनरीन हे द्रव्य शरीरातल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या सैल करते, आणि त्यांतून पाणी झिरपून सूज येते. मोहरीच्या तेलात शेकडा एक एवढे मिश्रणही यासाठी पुरेसे होते.

कलकत्त्यात १८७७ साली या रोगाची नोंद झाली. तो संसर्गाने पसरतो की तांदळामुळे होतो, यावर पुढे कित्येक वर्षे वाद चालला. एकाच घरातली माणसे एकदम आजारी पडत, आणि शेजारचे घर धडधाकट राही. दोन्ही घरांत फरक होता तो तेलाचा. खरा गुन्हेगार ठरला तो एका रस्त्याकडेच्या फुलाचे बी. त्यानंतरही साथी आल्याच. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलाने साठाच्या आसपास माणसे दगावली आणि हजारो आजारी पडली.

आपल्याकडे स्वयंपाकात मोहरीचे तेल फारसे वापरत नाहीत. शेंगदाण्याचे वा सूर्यफुलाचे असते. पण फोडणीला मोहरी रोज लागते, आणि ती निवडण्याचे काम घरोघर होते. त्यासाठी दोन साध्या खुणा आहेत. मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो, पिवळ्या धोतऱ्याचा खरबरीत आणि अधिक काळा. दाणा दाबून फोडला तर मोहरी आतून पिवळी निघते, हा पांढरा निघतो. तेलाची परीक्षा मात्र प्रयोगशाळेत करायची असते. तेलात नायट्रिक आम्ल घालून हलवल्यावर तांबूस ते तपकिरी रंग आला तर भेसळीचा संशय धरतात. खाद्यतेलात या बियांच्या तेलाचा अंशही असू नये असा नियम आहे. त्यासाठी प्रथम १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता, आणि आता त्याच्या जागी २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आहे. आम्हाला व्यापारी कायदे शिकवतात तेव्हा भेसळ हा शब्द कलमापुरता येतो. तो दाणा कोणत्या झाडाचा, ते झाड कुठे उगवते, हे मात्र रस्त्यावरच शिकावे लागते.

व्यापारात उतरू पाहणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. माल ओळखणे हे भाव ओळखण्याच्या आधीचे काम आहे. ज्याला मोहरी आणि पिवळा धोतरा यांतला फरक कळत नाही, त्याने मोहरीचा सौदा किती चोख केला याला अर्थ नाही.

एक सूचना

शेवटी एक सूचना करतो. आपल्या या अंकात मराठी विभाग आहे आणि कन्नड विभागही आहे. कॉलेजच्या आवारात आणि येण्याजाण्याच्या रस्त्यांवर वर्षभरात जी रानफुले दिसतात, त्यांची एक यादी दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करावी. वहीला पाच रकाने पुरेत: तारीख व ठिकाण, पाहिलेल्या खुणा, मराठी नाव, कन्नड नाव आणि शास्त्रीय नाव. शेवटचा रकाना भरण्यापूर्वी विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांना नमुना दाखवावा. नावे विचारायला खेड्यातून येणाऱ्या मित्रांच्या आजी-आजोबांकडे जावे, कारण पुष्कळ नावे आता फक्त त्यांच्याच तोंडी राहिली आहेत. ज्या फुलाचे नाव सापडणार नाही त्याचा रकाना कोरा ठेवावा आणि खुणांचा रकाना भरून ठेवावा. खुणा नीट लिहिलेल्या असल्या तर नाव पुढच्या वर्षीचा विद्यार्थीही शोधून काढील.

सुरुवात कोणत्या फुलापासून करावी, असे कुणी विचारील तर सांबऱ्याच्या रस्त्याने जावे. फाल्गुनात तिथे पिवळा धोतरा फुललेला असतो. कळी पाहावी, निदले मोजावीत, आणि हात धुवावेत.